मियाटाचे शॉक बदलताना

तुझी मियाटा, म्हणजे माझदाची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार, पहिल्या पिढीची, म्हणजे १९८९ ते १९९७ मधली. चारही कोपऱ्यांना डबल विशबोन (चाक धरून ठेवणारे वर-खाली दोन आर्म) आणि शॉकवरच बसवलेली स्प्रिंग. काम घरी होण्यासारखं आहे, पण घाई नको.

आदल्या रात्रीच सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मार. थंडीत रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या भागातली गाडी असेल, तर दोनदा मार. गाडी जॅक स्टँडवरच ठेव. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही.

खरी भीती स्प्रिंगची. ती स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग आवळून धरणारं हत्यार) दोन्ही बाजूंनी सारखी दाबून मोकळी झाल्याशिवाय शॉकच्या माथ्यावरचा मधला नट सोडू नकोस. तो नट बसवताना इम्पॅक्ट गन वापरू नकोस, रॉड गरगर फिरतो आणि आतलं सील जातं.

शॉक जोडीनेच बदल. बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारे मऊ ठोकळे) जुने, भुगा झालेले असतील तर तेही नवे घाल. या गाडीत सस्पेन्शनला खालीवर व्हायला मुळातच जागा कमी, त्यामुळे बंप स्टॉप सतत कामाला येतात. लोक महागडे शॉक घेतात आणि इथे पैसे वाचवतात, ते मला कधीच कळलेलं नाही.

आर्मचे जे बोल्ट ढिले केलेस, ते चाकं हवेत असताना पक्के आवळू नकोस. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा पाना) लाव. नाहीतर आर्मच्या सांध्यांतले रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

शेवटी चाकांची अलाइनमेंट करून घे.