टँकरची नोंदवही, फिल्टरचे वजन आणि मुरमाचा खड्डा

रस्त्यांच्या कामांवर पर्यावरणाच्या अटी पाळल्या जातात की नाही, हे कसे ओळखायचे, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच निवडले आहेत. ठेकेदाराने एकेका रकान्यात काय लिहिले, यापेक्षा एका कागदावरचा आकडा दुसऱ्या कागदावरच्या आकड्याशी जुळतो का, ते पाहावे. पुढच्या बहुतेक उत्तरांत तोच ताळा आहे.

आमच्या गावाजवळून चौपदरीकरण चालू आहे. धुळीने कापूस आणि तूर पांढरी पडली. ‘दिवसातून दोनदा पाणी मारतो, रिपोर्टही नॉर्मल आहे,’ असे ठेकेदाराची माणसे सांगतात. खरे-खोटे कसे करायचे? — ग्रामपंचायत सदस्य, यवतमाळ जिल्हा

आधी पाण्याचा हिशेब करा. कच्चे वळण ७ मीटर रुंद असेल, तर १ किलोमीटरला ७,००० चौरस मीटर जागा होते. धूळ बसायला चौरस मीटरला निदान १ लिटर पाणी धरा. म्हणजे १०,००० लिटरचा टँकर एका खेपेत जेमतेम दीड किलोमीटर भिजवतो. तुमच्या शिवारातला पट्टा ६ किलोमीटरचा असेल, तर एका फेरीला ४२,००० लिटर आणि दोन फेऱ्यांना ८४,००० लिटर लागतील, म्हणजे रोज आठ-नऊ टँकर. आता नोंदवहीत खेपा किती आहेत, पाणी कुठून भरले आणि टँकरला डिझेल किती लागले, ते बघा. पाण्याचा स्रोत म्हणून ताशी २,००० लिटर देणारी एकच बोअर दाखवली असेल, तर ८४,००० लिटरसाठी ती ४२ तास चालवावी लागेल. दिवस मात्र २४ तासांचाच असतो. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात ओला मुरूम तास-दोन तासांत कोरडा पडतो. त्यामुळे नोंदी खऱ्या निघाल्या, तरी त्या दिवसांत दोन फेऱ्या पुरत नाहीत.

आता रिपोर्ट. ‘नॉर्मल’ हा शब्द कोणत्याही नियमात नाही. २००९ च्या राष्ट्रीय हवा-गुणवत्ता मानकांप्रमाणे पीएम-१० ची (१० मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण) २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे आणि पीएम-२.५ ची (त्याहून बारीक, २.५ मायक्रॉनपर्यंतचे) ६०. पीएम-१० मोजणारे यंत्र मिनिटाला सुमारे १.१ घनमीटर हवा ओढते. २४ तासांत १,५८४ घनमीटर होते. फिल्टर सहसा दर आठ तासांनी बदलतात, म्हणजे दिवसाचे तीन. तिन्हींची मिळून वजनवाढ १५८ मिलिग्रॅम झाली, की पीएम-१० बरोबर १०० वर आले. म्हणून रिपोर्टबरोबर फिल्टरची आधीची व नंतरची वजने आणि हवेच्या प्रवाहाची नोंद मागा. भागाकार घरी करता येतो. मोजणी नीट झाली असेल, तर हे कागद द्यायला कुणी कां-कूं करत नाही.

गफलती साधारण ठरलेल्या असतात. यंत्र रस्त्यालगतच्या वस्तीऐवजी कॅम्पच्या आवारात, भिंतीच्या किंवा झाडाच्या आडोशाला ठेवतात. खरे तर त्याचे तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर, मोकळ्या हवेत हवे. एखाद्या घराची गच्ची त्यासाठी चांगली. दुसरे म्हणजे काम बंद असलेल्या दिवशी किंवा पावसानंतर नमुना घेतात, म्हणून मोजणीची तारीख कामाच्या दैनंदिनीशी ताडून पाहा. तिसरे, फिल्टर वजनाआधी आणि नंतर नीट सुकवलेला नसतो आणि ओलाव्याचे वजन धुळीत मिसळते किंवा उलट धूळ कमी दिसते. वेगवेगळ्या ठिकाणांचे आकडे सलग तीन महिने एक-दोन मायक्रोग्रॅमच्या फरकाने आले, तर ते फिल्टरवरून आलेले नाहीत असे खुशाल समजा. हवा इतकी शिस्तीने वागत नाही. पुढच्या मोजणीच्या वेळी ग्रामपंचायतीचा माणूस हजर राहील, असे लेखी कळवा आणि फिल्टरच्या पाकिटावर त्याची सही घ्या.

मुरमासाठी एक एकर शेत दिले होते. आता तिथे चार-पाच मीटरचा खड्डा आहे, पाणी साचते आणि शेजारचा बांध खचतोय. कंपनीचा माणूस ‘काही तक्रार नाही’ या कागदावर सही मागतो. करू का? — शेतकरी, जालना जिल्हा

आत्ता करू नका. ती सही झाली, की ठेकेदाराच्या दृष्टीने खड्ड्याचा विषय मिटला.

परवानगीचा कागद काढा. गौण खनिज उत्खननाची परवानगी तुमच्या गटाची आहे का आणि किती ब्रासची, ते पाहा. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. सरासरी ४ मीटर खोदले असेल, तर सुमारे १६,००० घनमीटर, म्हणजे ५,७०० ब्रासच्या आसपास माल गेला. परवानगी आणि वाहतूक पास मिळून २,००० ब्रासचेच निघाले, तर उरलेला माल विनापरवाना गेला. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि जमीन तुमच्या नावावर असल्याने पहिली नोटीस तुमच्याच दारात येते. तेव्हा तहसीलदारांकडे मोजणीचा अर्ज तुम्हीच आधी द्या.

दुसरी गोष्ट वरच्या मातीची. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या कामाच्या विनिर्देशांत कटिंग आणि भरावाच्या जागेवरची वरची माती १५० मिलिमीटरपर्यंतच्या थरात काढून, २ मीटरपेक्षा उंच नसलेल्या ढिगात राखून ठेवायला सांगितले आहे. मुरमाच्या शेतालाही तीच पद्धत लावून घ्यावी. ढीग जास्त उंच केला, की खालची माती दाबून गुदमरते आणि तिच्यातले जीव मरतात. एका एकराची ही माती ६०० घनमीटर भरते. खोदल्यावर ती सव्वापट फुगते, म्हणजे १४ घनमीटरच्या हायवा डंपरच्या पन्नासेक खेपा. ढीग जागेवर दिसत नसेल, तर माती कुठेतरी दुभाजकात पडली असणार. ती परत मागायचा हक्क करारात लिहिलेला असला तर उत्तम. नसला, तरी मंजूर पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात मुरूम-खड्ड्याच्या पुनर्भरणाचा भाग असतो, त्यावर बोट ठेवा.

रस्त्याकडेच्या खड्ड्यांना विनिर्देशांत खोलीची कमाल मर्यादा १.५ मीटर आहे, भरावाच्या पायथ्यापासून किमान १० मीटर अंतर सोडायचे आहे आणि दर ३०० मीटरच्या आत ८ मीटर रुंदीची न खोदलेली पट्टी ठेवायची आहे. तुमचा खड्डा रस्त्यापासून लांब असेल, तर ही मर्यादा जशीच्या तशी लागू होणार नाही. मात्र काठ उभे कापलेले राहिले, तर बांध खचणारच. काठ उताराचे करून घ्या. पाणी साठवायला खड्डा ठेवायचा विचार असेल, तर आत उतरायला एका बाजूने रॅम्प आणि भोवती कुंपण मागा. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गासाठी मुरूम काढताना तलाव-नाले खोल करण्याचा प्रयोग गाजला, पण तिथे जागा आणि खोली आधीच ठरवून खोदाई झाली होती. आधी खोदून मग ‘शेततळे’ म्हणायचे, हा वेगळा प्रकार.

आणखी एक. रस्त्यासारख्या कामांसाठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून दिलेली सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अटींसह नवी अधिसूचना काढली. ‘हायवेच्या मातीला कसलीच मंजुरी लागत नाही’ असे कुणी सांगितले, तर ते जुने झाले.

शाळेपासून जवळच डांबर प्लांट बसवला आहे. कधी निळा, कधी काळा धूर येतो. त्याचा अर्थ काय? — शिक्षिका, सातारा जिल्हा

पांढरा धूर लगेच विरत असेल, तर बहुधा ओल्या खडीची वाफ. काळा असेल, तर बर्नरमध्ये इंधन अर्धवट जळते आहे किंवा इंधनच भलतेसलते आहे. निळसर धूर आणि डोळे चुरचुरणारा वास म्हणजे डांबर जास्त तापले. रस्त्याला वापरतात त्या व्हीजी-३० दर्जाच्या डांबराला १५० ते १६५ अंश सेल्सिअस पुरते; त्यापुढे धूर वाढतो आणि डांबरही कडक होऊन रस्ता लवकर भेगाळतो. म्हणजे तुमची तक्रार खरी निघाली, तर नुकसान रस्त्याचेही होते आहे. हे अभियंत्याला सांगून पाहा, धुरापेक्षा ते लवकर कळते. खडीची बारीक राखाडी भुकटी पडत असेल, तर धूळ अडवणाऱ्या बॅग फिल्टरच्या पिशव्या फाटल्या आहेत. पिशव्यांच्या दोन बाजूंतला दाबफरक दाखवणारा मीटर जवळजवळ शून्यावर उतरलेला दिसेल. तो मीटर बंद असणे हेही उत्तरच.

प्लांटला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची अशी दोन संमतिपत्रे लागतात. दुसरे मिळायच्या आत उत्पादन सुरू झाले असेल, तर मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात तारखांसह फोटो द्या. शाळेभोवतीचे १०० मीटर शासनाने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केले असतील, तर तिथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. जनरेटरच्या धुराड्याची उंची मोजायला सोपे सूत्र आहे: केव्हीएचे (जनरेटरच्या क्षमतेचे) वर्गमूळ गुणिले ०.२ इतके मीटर, इमारतीच्या वर. २५० केव्हीएच्या जनरेटरला सुमारे ३.२ मीटर.

घाटात डोंगर कापून माती-दगड वहाळात लोटतात. पावसात ते भाताच्या खाचरात उतरते. — वाचक, रत्नागिरी जिल्हा

कापलेला खडक जागेवरच्या घनफळाच्या सुमारे दीडपट फुगतो, म्हणून कागदावरची जागा प्रत्यक्षात कमी पडते आणि उरलेले वहाळात जाते. कटिंग किती, त्यातले भरावात किती वापरले आणि मंजूर टाकणजागेवर, म्हणजे माल टाकायला ठरवलेल्या ठिकाणी, किती नेले, हे तीन आकडे मागा. वजाबाकीत उरेल ते तुमच्या खाचराकडे निघाले आहे. टाकणजागेच्या पायथ्याला गॅबियनची (तारेच्या जाळीत दगड भरलेली) भिंत आधी हवी, माल नंतर. इथे सहसा उलटे होते, कारण भिंतीचे बिल वेगळे आणि माल हलवायची घाई वेगळी. भिंत, वरच्या बाजूची पाणी वळवणारी चर आणि गाळ अडवणारा खड्डा मे महिना संपायच्या आत पूर्ण झालेले दिसले पाहिजेत. मृग लागल्यावर केलेले काम वाहून जाते आणि पुन्हा बिलात येते.

पहिल्या मोठ्या पावसात वहाळाचे पाणी टाकणजागेच्या वर आणि खाली, दोन्हीकडे एकाच तासात, सारख्या बाटल्यांत भरा. दोन्हींतल्या निलंबित घन पदार्थांची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्या. फक्त खालचा नमुना दिला, तर ‘वरूनच गढूळ येते’ हे उत्तर तयार असते.

सहामाही अनुपालन अहवाल आम्हा सामान्य माणसांना मिळू शकतो का? — वाचक, नाशिक

मिळतो. ज्या रस्त्याला २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी आहे, त्याच्या अटी कितपत पाळल्या हे सांगणारा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे, अर्ज केल्यावर प्रत द्यावी लागते. महाराष्ट्रासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे आणि मंजुरीपत्र ‘परिवेश’ संकेतस्थळावर सापडते. अनेक रुंदीकरणांना अशी मंजुरी लागत नाही. तिथे अहवाल नसेल, पण क्रशर-प्लांटची संमतिपत्रे, झाडतोडीची परवानगी आणि ठेक्यातल्या पर्यावरणाच्या अटी राहतातच.

वाचताना मंजुरीपत्र शेजारी ठेवा आणि एकेक अट जुळवा. ‘पालन चालू आहे’ एवढेच लिहिले असेल, तर पुरावा नाही असे समजा. झाडांच्या रकान्यात लावलेल्या रोपांऐवजी जगलेल्या रोपांचा आकडा शोधा, आणि तो मे महिन्यात मोजलेला आहे का ते बघा. सप्टेंबरमध्ये सगळीच रोपे हिरवी असतात.