कामावर असताना मध्येच बरं वाटेनासं झालं तर थांबावं की घरी जावं, कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की चाकणला कॉन्ट्रॅक्टवर लागून सहा महिने झालेत, परवा सेकंड शिफ्टला मध्येच कणकण आली, अंग मोडून आलं, तरी खाडा पडेल म्हणून गोळी घेऊन शिफ्ट काढली आणि आता वाटतंय की निघायला हवं होतं का. मी याच पट्ट्यातल्या एका कंपनीत ओएचसीला सिस्टर आहे, म्हणजे गेटच्या आत जो छोटा दवाखाना असतो तिथे, आणि हा प्रश्न माझ्यासमोर जवळपास रोज येतो, फक्त तो "सिस्टर, एक गोळी द्या, शिफ्ट काढायचीय" असा येतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, "सहन होतंय का" यावर ठरवणं सोडा. आपल्या पोरांना सगळंच सहन होतं. १०२ ताप असतो, डोळे लाल झालेले असतात, हात लावला तर चटका बसतो आणि तोंडाने "काही नाही सिस्टर, जरा डोकं दुखतंय" म्हणतात. दुखणं अंगावर काढायची सवय लहानपणापासून लागलेली असते, त्यामुळे स्वतःचं मन या बाबतीत खरं सांगत नाही. त्यापेक्षा हातात आत्ता काय काम आहे ते बघा. स्टोअरच्या ऑफिसात बसून एंट्र्या मारणाऱ्याला ९९-१०० ताप आणि नाक गळतंय, तर मास्क लावून, पाणी पीत, शिफ्ट संपेपर्यंत बसला तर फार काही बिघडत नाही. तोच ताप फोर्कलिफ्टवाल्याला असला, क्रेनच्या पेंडंटवर, म्हणजे क्रेन चालवायच्या बटणांवर, असलेल्याला असला, प्रेसवर डाय बदलणाऱ्याला किंवा शिडीवर चढणाऱ्याला असला तर मी थांबू देत नाही, कारण तापात हात अर्ध्या सेकंदाने मागे पडतो आणि तो अर्धा सेकंद कुणाच्या तरी पायावर येतो. मशीनला सेन्सर असतात, दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात हे खरं, पण सेटिंगच्या वेळी, जॉब अडकला तो काढताना, माल उचलताना सेन्सर कामाला येत नाही, तिथे तुमचं लक्षच लागतं.

आणि गोळीबद्दल. सर्दीच्या ज्या रंगीत गोळ्या मेडिकलमधून सुट्या मिळतात त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्याने झोप येते, सेट्रिझिननेही अनेकांना गुंगी येते. ती खाऊन मशीनवर उभं राहायचं नाही, बाईकला किकही मारायची नाही. शिवाय त्याच गोळीत पॅरासिटामॉल असतंच, वरून तुम्ही ६५० ची वेगळी घेता, आणि दोन्ही मिळून डोस कधी जास्त झाला ते कळतही नाही. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल दिवसात ४ ग्रॅमच्या वर कधीच जाऊ द्यायचं नाही, दोन डोसात किमान चार ते सहा तास ठेवायचे, आणि दारू पिणाऱ्याने तर त्याहून बरंच कमी. दुसरं असं की गोळीने ताप खाली येतो, आजार जातो असं नाही. साडेपाचला गोळी घेतली, साडेसहाला घाम येऊन मोकळं वाटलं म्हणून माणूस परत लाईनवर जातो आणि रात्री दहाला हुडहुडी भरून पुन्हा माझ्याकडे येतो, हे पावसाळ्यात इतकं नेहमीचं आहे की मी आता गोळी दिल्यावर तासाभराने लाईन लीडरला फोन करूनच विचारते.

मग दुसऱ्याला लागण होईल का हा भाग. कँटीनमध्ये वाढणाऱ्याला किंवा भाजी चिरणाऱ्याला उलटी-जुलाब असेल तर यात चर्चा नाही, त्याने त्या मिनिटाला अॅप्रन काढायचा आणि शेवटची उलटी किंवा जुलाब होऊन ४८ तास गेल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही. एकाचं पोट बिघडलं तर एक खाडा, पण कँटीनवाल्याचं बिघडलं तर दुसऱ्या दिवशी अख्खी शिफ्ट संडासाबाहेर. डोळे आले असतील तेव्हाही तसंच. २०२३ च्या जुलैमध्ये डोळ्यांची साथ आपल्याकडे आळंदीपासून सगळीकडे पसरली होती ते आठवत असेल, आळंदी आमच्यापासून लांब नाही, त्यामुळे कंपनीच्या बसमधून ती आत यायला वेळ लागला नाही. डोळा चोळलेला हात बसच्या दांडीला लागतो, पंचिंग मशीनला लागतो, एकाच टूलला तीन माणसं हात लावतात. फ्लूसारखा खोकला-ताप असेल तर पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जास्त पसरतो, आणि गोळी न घेता २४ तास ताप नसेल तेव्हाच परत या, मधे नाही.

आता अशा गोष्टी ज्यात "थांबू की जाऊ" हा प्रश्नच येत नाही, सरळ दवाखाना. छातीत दाबल्यासारखं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, आणि थंडगार घाम. आमच्याकडे थर्ड शिफ्टला एक मेंटेनन्सचे काका आले, पित्ताची गोळी मागत होते, म्हणाले रात्री वडापाव खाल्ला तो बाधला. डिसेंबर होता, बाहेर शेकोटी पेटलेली, आणि यांचा शर्ट पाठीला चिकटलेला. गोळी नाही दिली, आधी झोपवलं, ईसीजी काढला, पट्टी बाहेर येईपर्यंतच मी अँब्युलन्सवाल्याला स्ट्रेचर काढायला सांगितलं. काका वाचले, आता डे शिफ्टला हलक्या कामावर आहेत. डायबेटिस असणाऱ्यांना आणि बायकांना छातीत दुखतंच असं नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, गळून जातं, त्यामुळे "अॅसिडिटी असेल" हे स्वतःचं स्वतः ठरवू नका. तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात वर न होणं, फिट, उलटीत किंवा शौचात रक्त, श्वास पुरा पडत नाही, या सगळ्याला १०८ लावायचा, सुपरवायझर परवानगी देईपर्यंत थांबायचं नाही.

डायबेटिसवाल्यांसाठी अजून एक, नाईट शिफ्टला गोळी किंवा इन्शुलिन घेऊन डबा न खाता काम चालू ठेवलं तर हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस बरळायला लागतो. गिळता येत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका. एप्रिल-मेमध्ये फर्नेस आणि पेंट शॉपला उन्हाळ्याचं वेगळंच चालू होतं, पायात गोळे येणं ही पहिली खूण, माणूस विचित्र बोलायला लागला तर मात्र वेळ घालवू नका, सावलीत नेऊन अंगावर पाणी, पंखा आणि अँब्युलन्स.

घरी जायचं ठरलं तरी कसं जाणार, हे फार कमी लोक बघतात. चक्कर येतेय म्हणून गेट पास घेतला आणि त्याच चकरेत बाईक काढून चाकण-तळेगाव रोडला ट्रेलरच्या मधून निघाला, तर कंपनीत बसला असता तेच बरं होतं. ताप १०१ च्या वर, चक्कर, उलट्या, यापैकी काही असेल तर बाईक आत राहू द्या, ओएचसीच्या कॉटवर पडा, शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसने जा किंवा मित्राला बोलवा. तुमच्यासारखी बरीच पोरं खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे इकडे खोलीवर राहतात, एका खोलीत पाच-सहा जण, सगळ्यांच्या शिफ्ट वेगळ्या, म्हणजे तुम्ही तापाने फणफणून खोलीवर गेलात तर पाणी द्यायलाही कुणी नसतं. गावी आई असते ती बीडला नाहीतर परभणीला. मी अशा मुलाला सोडताना विचारतेच, खोलीवर आत्ता कोण आहे, त्याचा नंबर दे. कुणी नसेल तर जेवणाचं काय ते आधी बघते आणि मगच गेट पासवर सही करते.

सुपरवायझरला सांगायची पण एक पद्धत असते. "बरं वाटत नाहीये" म्हटलं की समोरच्याला ते काम टाळणं वाटतं, त्याचाही टार्गेटचा ताण असतो, मी त्यांनाही पूर्ण दोष देत नाही. त्यापेक्षा "ताप १०१ आहे, ओएचसीत बघितलाय, मी ग्राइंडिंगला उभा राहू शकत नाही, मला बसून करायचं काम द्या नाहीतर सोडा" असं सांगा. शिफ्ट लागल्या लागल्या सांगितलं तर रिलीव्हर मिळतो, मागच्या शिफ्टचा कुणी ओटीला थांबतो. रात्री दहाला सांगितलं तर माणूस कुठून आणायचा. आणि ओएचसीच्या रजिस्टरला नोंद करून घ्याच, वेळ, ताप, बीपी, सगळं. उद्या कॉन्ट्रॅक्टर म्हणाला की न सांगता गेला, तर तेवढा एक कागद तुमच्याकडे असतो.

पैशाचं मला कळतं, दिवसाचा खाडा आणि वर अटेंडन्स बोनस जातो, महिन्याचं गणित बिघडतं. म्हणून ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, नीट समजून घ्या, कॉन्ट्रॅक्टवाल्यालाही ती असते. पगार २१,००० पर्यंत असेल तर तुमच्याकडून ०.७५ टक्के कापतात, म्हणजे १६,००० ला १२० रुपये, आणि मालक ३.२५ टक्के भरतो. स्लिपवर बघा कापलेत का. दवाखाना आणि औषध पहिल्या दिवसापासून मिळतं, त्यासाठी थांबावं लागत नाही, मोहननगर चिंचवडला आणि बिबवेवाडीला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. आजारपणाचे पैसे, रोजाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, ते मात्र नवीन माणसाला लगेच नाहीत, लागल्यापासून साधारण नऊ महिने जावे लागतात आणि त्याआधीच्या ठरलेल्या सहामाहीत ७८ दिवसांचं योगदान भरलेलं लागतं. आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत, आणि सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचंच चालतं, बाहेरच्याचं नुसतं जोडून भागत नाही. म्हणजे तुम्हाला सध्या औषधपाणी मिळेल, रोजाचे पैसे अजून नाहीत. ज्यांचं काम दुकानात किंवा ऑफिसात आहे, आणि तिथे कायद्यात बसतील इतकी माणसं आहेत, त्यांना महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याने वर्षाला आठ पगारी कॅज्युअल रजा आहेत, त्या वर्ष संपलं की जातात, तेव्हा तापात वापरा, डिसेंबरसाठी साठवू नका.

तुमच्या परवाच्या तापाचं सांगते. शिफ्ट काढलीत ते झालं, त्याचा विचार करू नका, आता पुढचं बघा. पावसाळा आहे, अंग मोडून आलंय, ताप आज तिसऱ्या दिवशीही येत असेल तर आजच सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी), मलेरिया आणि डेंग्यूची एनएस१ करून घ्या, एनएस१ पहिल्या पाच दिवसांत चांगली कळते. तोपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, अंगदुखीसाठी ब्रुफेन, डायक्लो किंवा अॅस्पिरिन नको, आणि डॉक्टर अंगदुखीचं इंजेक्शन मारायला लागले तर विचारा कशाचं आहे. गुडघाभर साचलेल्या पाण्यातून गेला असाल तर तेही डॉक्टरला सांगा, लेप्टो, म्हणजे असल्या पाण्यातून होणारा तापाचा आजार, बघतील. डेंग्यू निघाला तर ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस सगळ्यात जास्त जपायचे असतात, नेमकं तेव्हाच पोरं "बरं झालं" म्हणून ड्युटीवर येतात. पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरडीतून किंवा नाकातून रक्त आलं, लघवी कमी झाली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी ॲडमिट व्हा. खोलीवरच्या कुणाला तरी हे आत्ताच सांगून ठेवा, आणि रिपोर्ट आल्यावर इथेच खाली लिहा, मी बघते.