सोमवारची चौकट

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणे, सायकल आणि पळणे या सलग शर्यतीच्या, सरावाची वही परवा नीट वाचून काढली. रविवारची नोंद पाहून समाधान वाटले. पहाटे साडेपाचला हालोल रस्त्याने निघून ८० किमी सायकल आणि परत आल्यावर बूट बदलून लगेच ५ किमी पळणे, हा सराव तू ठरल्याप्रमाणे, वेगाच्या मोहात न पडता पूर्ण केलास. सोमवारच्या चौकटीपाशी मात्र मी थांबलो. तेथे तू ठळक अक्षरांत ‘विश्रांती’ असे लिहिले आहेस आणि त्याखाली, कोणाच्या नजरेस पडू नये अशा बारीक अक्षरांत, ‘सकाळी कमाटीबागेत ६ किमी हलके, संध्याकाळी लालबागेच्या तलावात १ किमी’. पुढे बुधवारी ‘पाय जड, वेग आला नाही’ आणि शुक्रवारी ‘रात्री झोप लागली नाही’ असे आहे. तुला या तीन वेगवेगळ्या गोष्टी वाटत असतील. मला ती एकच गोष्ट दिसते, आणि तिच्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

साडेतीन तासांचा सराव आटोपून तू घरी येतोस तेव्हा पहाटे निघाला होतास त्यापेक्षा अशक्त झालेला असतोस. स्नायूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे ऊर्जेसाठी साठवलेल्या साखरेचा, साठा बराच उपसलेला असतो, तंतूंना बारीक इजा झालेली असते, घामावाटे पाणी आणि क्षार गेलेले असतात. वेळेवर पोटभर वरण-भात-पोळी मिळाली तरी तो साठा भरून यायला साधारण एक दिवस लागतो, आणि स्नायूंचे दुखणे तर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वाधिक जाणवते. ही डागडुजी चालू असताना, विशेषतः गाढ झोपेत, शरीर पूर्वीपेक्षा थोडी अधिक तयारी करून ठेवते आणि त्यालाच आपण ताकद वाढली असे म्हणतो. म्हणजे रविवारच्या कष्टाचे फळ सोमवारी आणि मंगळवारी धरते. सोमवारी पहाटे पुन्हा बूट चढवून तू रविवारच्याच सरावातून काढून घेतोस, वरून त्यात भर पडली असे समजतोस.

तिन्ही प्रकारांचा थकवा सारखा नसतो, हेही लक्षात घे. पाण्यात शरीर तरंगते आणि सायकलवर वजन खोगिरावर असते. पळताना मात्र प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. म्हणून लांब सायकलिंगच्या दुसऱ्या दिवशी, अगदीच राहवत नसेल तर, वीस मिनिटे निवांत पोहण्याला माझी हरकत नाही. लाँग रननंतर, म्हणजे आठवड्यातल्या लांब पल्ल्याच्या पळण्यानंतर, मात्र पूर्ण विश्रांतीच हवी. शिवाय दम वाढायला काही आठवडे पुरतात, तर हाडे आणि स्नायुबंध मजबूत व्हायला महिने जातात. तुझ्या वयात माणूस फसतो तो नेमका याच फरकामुळे: छाती म्हणते अजून पळ, आणि नडगीचे हाड काहीच सांगत नाही.

माझ्या नडगीनेही सांगितले नव्हते. अशाच शर्यतीच्या तयारीत मी सलग सात आठवडे एकही दिवस पूर्ण मोकळा ठेवला नव्हता. वहीत विश्रांती लिहिलेली असे आणि पाय विश्वामित्रीच्या पुलावर पळत असत. एके दिवशी जिना उतरताना नडगीच्या आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढ्या जागी, कळ आली. तेथे नुसते बोट टेकवले तरी डोळ्यांत पाणी येई. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर, निघाले, बारा आठवडे पळणे बंद झाले आणि ती शर्यत मी रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहिली. असा दिवस तुझ्या वाट्याला येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

तेव्हा यापुढे आठवडा आखताना सोमवारची चौकट सर्वांत आधी भर आणि मग उरलेल्या दिवसांत बाकीचे बसव. एखाद्या रविवारी पाऊस किंवा ऑफिसचे काम आडवे आले आणि लांब सराव हुकला, तर तो हुकला असे समज. सोमवारी किंवा मंगळवारी तो भरून काढायला जाऊ नकोस, कारण त्यामुळे पुढचा रविवारही बिघडतो. तीन आठवडे भार चढता ठेव आणि चौथ्यात एकूण तास निदान एक तृतीयांशाने उतरव. रोज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मिनिटभर नाडी मोज. एरवी ५२ असणारा आकडा दोन-तीन दिवस ५८-६० च्या घरात राहिला, तर वहीत काय ठरले आहे ते न पाहता सराव हलका कर. आणि सोमवारी सराव नाही म्हणून जेवण कमी करू नकोस. ही चूक मी अनेक कष्टाळू मुलांना करताना पाहिली आहे.

आता नवरात्राविषयी. यंदा ते तुझ्या शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधी येत आहे, म्हणजे लांब सराव सर्वांत लांब असतात नेमक्या त्याच दिवसांत. बडोद्यात वाढलेल्या मुलाला गरब्याला जाऊ नकोस असे सांगणे मला रास्त वाटत नाही, आणि तू ते ऐकशील असेही नाही. पण अनवाणी पायांनी दोन-तीन तास फेर धरणे हाही पोटऱ्यांना आणि तळपायांना सरावच आहे, आणि रात्री एकला दांडिया बाजारातल्या घरी पोचून पहाटे साडेचारला सायकल काढणे म्हणजे ज्या झोपेत शरीर घडते तीच गमावणे आहे. म्हणून आपण भार उतरवण्याचा चौथा आठवडा तेव्हाच ठेवू. त्या नऊ दिवसांत लाँग रन नको, सायकल दीड तासाच्या वर नको, आणि खेळलेला प्रत्येक गरबा वहीत तासांसह लिही. दसऱ्यानंतर तीन आठवडे पूर्ण भाराचे मिळतील, आणि १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी पळणे यांसाठी, आधीच्या पायावर, ते पुरेसे आहेत.

शेवटच्या दोन आठवड्यांत तुझा जीव सर्वांत कासावीस होईल. टेपरवरील, म्हणजे शर्यतीआधी सराव उतरवत नेण्यावरील, अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार केला असता असे दिसले आहे की या काळात सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवून तीव्रता तशीच राखणाऱ्यांना सर्वाधिक लाभ होतो. तेव्हा पाय शिवशिवू लागले, आपण आळशी झालो असे वाटू लागले, की टेपर लागू पडत आहे असे समज आणि मला फोन कर. पळायला जाऊ नकोस.

येत्या रविवारी १५ किमीचा लाँग रन आहे. सोमवारी संध्याकाळी वही घेऊन घरी ये. त्या दिवसाच्या चौकटीत सकाळची नाडी आणि झोपेचे तास, एवढेच लिहिलेले मला पाहायचे आहे.

तुझा,
काका