छीगोंग म्हणजे चिनी प्राणायामच ना? घरच्या घरी केल्यास गुडघेदुखीवर उपयोग होतो का?

आपल्या प्रश्नातील 'चिनी प्राणायामच ना' हे शब्द वाचले आणि लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण माझे मेहुणे प्रत्येक घरच्या कार्यात मला हेच ऐकवत आले आहेत.

कंपनीच्या कामानिमित्त मी दोन वर्षे हूनान प्रांतातील छांगशा शहरात होतो. इमारतीसमोरच्या बागेत रोज सकाळी पंधरा-वीस निवृत्त मंडळी बादुआनजिन, म्हणजे छीगोंग या संथ हालचाली आणि श्वास यांची सांगड घालणाऱ्या चिनी व्यायामपद्धतीतील आठ हालचालींचा संच, करीत असत. प्राणायाम लहानपणापासून करीत असल्याच्या गुर्मीत मी त्यांच्यात जाऊन उभा राहिलो, धनुष्य ओढण्याच्या हालचालीत सर्वांपेक्षा खाली बसलो, श्वास कुंभकासारखा कोंडून धरला आणि आठवडाभरात उजवा गुडघा दुखवून घेतला. तेव्हा पुढच्या रांगेतील एका आजींनी माझ्या ताठ खांद्यावर दोन बोटे ठेवून एकच शब्द उच्चारला: 'सोंग', म्हणजे सैल सोड. (मराठीत सोंग म्हणजे जे, तेच मी तोवर करीत होतो.) तिथे श्वास हालचालीच्या मागोमाग चालतो, निदान नवशिक्याने तो रोखायचा नसतो.

त्याच शहरातील संग्रहालयात मावांगदुई येथील प्राचीन थडग्यातून १९७३ साली निघालेले रेशमी चित्र आहे. थडगे इ.स.पू. १६८ मधले, चित्रात व्यायाम करणाऱ्या ४४ आकृती, आणि त्यांतील एकीशेजारी चक्क गुडघेदुखीवरील व्यायाम अशा अर्थाची अक्षरे. बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने हे सारे भारतातून नेले, असे मेहुणे म्हणतात; पण तो चीनमध्ये पोहोचला पाचव्या-सहाव्या शतकात, आणि त्याच्या नावावर खपवलेला 'यीजिनजिंग' हा व्यायामाचा ग्रंथ तर सतराव्या शतकातला आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर ध्यानाच्या पद्धती तिकडे गेल्या, हे मात्र मी मान्य करतो.

घरी अवश्य करा, परंतु गुडघे जेमतेम वाकवा आणि ते पायांच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका. उभे राहणे जड जात असेल तर खुर्चीवर बसून करा. शेवटच्या हालचालीत टाचा सात वेळा उचलून खाली टेकवायच्या असतात. हाडे ठिसूळ झाली असतील किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. माझा गुडघा दुखायचा थांबला, पण त्याचे श्रेय छीगोंगला की खाली बसण्याची हौस सोडल्याला, हे मी मेहुण्यांसमोर कधीच बोललेलो नाही.