वाचकांचे प्रश्न : क्लॉक उसळतोय की प्रोब?

प्रश्न : गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. फौंड्रीच्या भट्टीचं तापमान नोंदवणारी कार्डं बनवतो. बोर्ड दोन लेअरचं, १.६ मिमी जाड. कंट्रोलरपासून फ्लॅश मेमरीपर्यंतचा क्लॉक ट्रॅक (डेटाला ताल देणारा सिग्नल नेणारी तांब्याची पट्टी) ११ सेंमी लांब, ०.२५ मिमी रुंद. काही कार्डांत डेटा चुकीचा लिहिला जातो. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) क्लॉक ४.६ व्होल्टपर्यंत उसळतो; सप्लाय ३.३ आणि डेटाशीटची मर्यादा ३.६. क्लॉक २० वरून ५ मेगाहर्ट्झवर आणूनही फरक नाही. डिझाइन नापास समजायचं का?

उत्तर : आधी ४.६ हा आकडाच तपासा. प्रोबच्या (स्कोपच्या मोजणीच्या सळईच्या) १५ सेंमी ग्राउंड क्लिपचं इंडक्टन्स साधारण १५० नॅनोहेन्री आणि प्रोबचं कपॅसिटन्स १० पिकोफॅरड धरलं, तर ही जोडी स्वतःच १३० मेगाहर्ट्झच्या आसपास रिंग होते, म्हणजे घंटेसारखी थरथरते. क्लिप काढून टाका, टोकाला स्प्रिंग ग्राउंड (आखूड ग्राउंड जोडणी) लावा आणि मोजमाप थेट फ्लॅशच्या पिनवर घ्या. आठ पिनांच्या नेहमीच्या २५ सिरीज फ्लॅशमध्ये क्लॉक पिन ६ वर आणि ग्राउंड पिन ४ वर असतो. स्प्रिंग सहज पोचते. क्लिप लावून घेतलेल्या मोजमापात दोन शिखरांत ८ नॅनोसेकंद अंतर असेल तर दोष क्लिपचा. अडीच-तीन असेल तर ट्रॅकचा. मात्र हे दुसरं रिंगिंग तुमच्या स्कोपला नीट दिसणारच नाही, कारण त्याचा स्वतःचा राइज टाइम (सिग्नल चढलेला दाखवायला लागणारा वेळ) ३.५ नॅनोसेकंद आहे. ५०० मेगाहर्ट्झचा स्कोप एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मिळतो का, चौकशी करा.

तरीही आम्हाला संशय ट्रॅकचाच आहे. खाली सलग ग्राउंड असला तरी या रुंदीला इम्पीडन्स (सिग्नलला होणारा ट्रॅकचा विरोध) १३० ओहमच्या घरात जातो आणि कंट्रोलरचा आउटपुट जेमतेम २५-३० ओहमचा. त्यामुळे सिग्नल परतून येतो आणि फ्लॅश एकच एज (क्लॉकचा चढ किंवा उतार) दोनदा मोजते. पुढचे सगळे बिट सरकतात. वेग कमी केला तरी एज तेवढीच तीव्र राहते, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही.

फर्मवेअरमध्ये कंट्रोलरच्या क्लॉक पिनचा ड्राइव्ह (सिग्नल ढकलण्याची ताकद) कमी करून बघा. भागलं नाही, तर कंट्रोलरला लागून ट्रॅक कापा आणि ०६०३ साइजचा १०० ओहमचा रेझिस्टर बसवा. सवयीने टाकतात तो ३३ ओहम ५० ओहमच्या ट्रॅकसाठी असतो. इथे तो अपुरा पडेल. बोर्ड उलटं करूनही बघा : एखादा सप्लाय ट्रॅक क्लॉकखालचा ग्राउंड आडवा तोडत असेल, तर नुसत्या रेझिस्टरने काम होणार नाही.

पास कधी म्हणायचं? फ्लॅशच्या पिनवर ०.९९ ते २.३१ व्होल्टच्या पट्ट्यात एज मागे वळता कामा नये (सप्लायच्या ०.३ आणि ०.७ पट, तुमच्या डेटाशीटशी ताडून घ्या). शिखर ३.६ च्या आत, खालची उसळी −०.३ च्या आत हवी. रिंगिंग थंड कार्डावर, सप्लाय कमाल ठेवून तपासा, कारण एज तेव्हा सर्वांत तीव्र असते. सेटअप (क्लॉकच्या एजआधी डेटा किती वेळ स्थिर असतो ते) मात्र भट्टीजवळ तापलेल्या कार्डावर मोजा.

पुढची बॅच शक्यतो चार लेअरची करा. ०.२ मिमी प्रीप्रेगवर (लेअरमधल्या इन्सुलेशनच्या थरावर) ०.३५ मिमीचा ट्रॅक ५० ओहमच्या जवळ येतो. ऑर्डर देतानाच टेस्ट कूपन (बोर्डासोबतचा चाचणीचा तुकडा) आणि ±१० टक्क्यांचा टीडीआर (इम्पीडन्स मोजणारी चाचणी) रिपोर्ट लेखी मागून घ्या.