सुरुवात 'अ‍ॅक्वायर'पासून करा

जुन्या खेळांकडे वळताय, तर माझं ऐका: पहिला खेळ 'अ‍ॅक्वायर' घ्या. सिड सॅक्सन यांनी रचलेला हा १९६४ सालचा खेळ आजही तितकाच रंगतो. हातात ६ सोंगट्या असतात. आपल्या पाळीला एक पटावर ठेवायची, हॉटेलांच्या साखळ्या वाढवायच्या आणि हवे तर ३ पर्यंत शेअर घ्यायचे. खरी मजा दोन साखळ्या एकमेकींना भिडतात तेव्हा! मोठी लहानीला गिळते, पण बोनस मिळतो तो गिळल्या गेलेल्या साखळीचे सर्वांत जास्त शेअर असणाऱ्यांना. नवखे खेळाडू सगळा पैसा मोठ्या साखळीत अडकवतात आणि ऐन वेळी त्यांच्याकडे रोकडच उरत नाही. ११ सोंगट्यांची साखळी झाली की ती कुणालाच गिळता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

दोघंच असाल तर ३२ पानांचा 'पिके' हा पत्त्यांचा खेळ शिका. गुण मोजणं सुरुवातीला किचकट वाटेल, पण धीर सोडू नका. 'डिप्लोमसी' मला मनापासून आवडतो, मात्र त्याला ७ जण आणि जवळजवळ अख्खा दिवस हवा, म्हणून तो नंतर.

आणि 'अ‍ॅक्वायर'चा वापरलेला संच घेताना सोंगट्या तिथल्या तिथे मोजून घ्या. १०८ भरल्या पाहिजेत.