काल उठले की उठायचे? स्पॅनिशच्या भूतकाळाचा घोळ

प्रश्न: मी स्पॅनिश शिकतेय, सध्या भूतकाळ चालू आहे. 'माझा कालचा दिवस' या निबंधात मी 'आयेर मे लेवांताबा आ लास सिएते' असं लिहिलं, म्हणजे काल सात वाजता उठले, तर टीचरनी ते खोडून 'मे लेवांते' केलं. पुढे अंघोळ, नाश्ता, सगळीकडे लाल पेन. पण सवयींना इम्पेर्फेक्तो, म्हणजे 'लेवांताबा'सारखा भूतकाळ, वापरायचा असंच शिकवलं होतं ना? या तर रोजच्याच गोष्टी आहेत, मग चुकलं कुठे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: काम रोजचं आहे की नाही हे स्पॅनिश बघतच नाही हो, तुम्ही त्या वाक्यात काय सांगताय ते बघते. काल तुम्ही एकदाच उठलात, एकदाच अंघोळ केलीत, ते होऊन संपलं, म्हणून इंदेफिनीदो, म्हणजे होऊन संपलेल्या गोष्टींचा भूतकाळ: मे लेवांते, मे दुचे, देसायुने, साली दे कासा. (या सगळ्यांत जोर शेवटच्या अक्षरावर द्या, नाहीतर 'आब्लो' म्हणजे मी बोलते की तो बोलला हेच ऐकणाऱ्याला कळणार नाही.)

माझं ऐकाल तर इंग्रजीतून विचार करणं आधी सोडा. इंग्रजीत साधा भूतकाळ दोन्हीकडे चालून जातो, त्यामुळे गोंधळ होतो. मराठीत आपण 'उठले' आणि 'उठायचे' हे लहानपणापासून न चुकता वेगळं बोलतो. 'काल मी सात वाजता उठायचे' असं कुणी म्हणेल का? नाही ना? मग तिथे 'लेवांताबा' पण नाही. 'शाळेत असताना सहाला उठायचे' म्हणता, तिथे बिनधास्त 'मे लेवांताबा'.

हे बघा: 'दे निन्या, लोस दोमिंगोस कोमिआमोस पाएया एन कासा दे मि आबुएला.' लहानपणी दर रविवारी आजीकडे पाएया खायचो. पुढचं वाक्य: 'उन दोमिंगो से ले केमो एल आर्रोस इ कोमिमोस तोर्तिया.' एका रविवारी तिचा भात करपला आणि आम्ही तोर्तिया खाल्लं. खायचो कोमिआमोस, खाल्लं कोमिमोस, एवढाच फरक, आणि गोष्ट सुरू होते ती त्या दुसऱ्या वाक्यापासून.

'तोदोस लोस दिआस' म्हणजे रोज, हा शब्द दिसला की इम्पेर्फेक्तो, असं पाठ करू नका. 'गेल्या आठवड्यात रोज जिमला गेले' याचं 'ला सेमाना पासादा फुई अल हिम्नासिओ तोदोस लोस दिआस' होतं, कारण तो आठवडा संपला. मराठीतही आपण 'गेले' म्हणतोच की.

आता जिथे मराठी दगा देते ती जागा, 'होते'. 'काल दिवसभर घरी होते' म्हणजे 'एस्तुबे', पण 'तू फोन केलास तेव्हा मी घरी होते' म्हणजे 'एस्ताबा'. पहिल्यात पूर्ण दिवसाचा हिशोब दिलाय, दुसऱ्यात फोन ही घटना आणि घर नुसती मागची परिस्थिती. 'अंघोळ करत होते' पण असंच, मागची परिस्थिती म्हणून 'मे दुचाबा' आणि फोन वाजला 'सोनो'. वेळ आणि वय सांगताना मात्र नेहमी इम्पेर्फेक्तो: 'एरान लास ओचो', आठ वाजले होते.

उलट 'साबेर' आणि 'कोनोसेर' लोकांना फार जड जातात, आपल्याला जाऊ नयेत. माहीत होतं म्हणजे 'साबिया', कळलं म्हणजे 'सुपे'. ओळखत होते 'कोनोसिया', ओळख झाली 'कोनोसी'.

पाठांतराचं म्हणाल तर इम्पेर्फेक्तो गरीब आहे, अनियमित क्रियापदं तीनच, सेर (असणे), इर (जाणे) आणि बेर (बघणे), त्यांची रूपं एरा, इबा, बेइया. खरी मेहनत इंदेफिनीदोला लागते, फुई (गेले), इसे (केलं), तुबे (माझ्याकडे होतं), एस्तुबे (होते), ही रोज म्हणा.

आणि 'आज सकाळी कॉफी घेतलीय' हे माद्रिदमध्ये 'ए तोमादो' आणि मेक्सिकोत 'तोमे'. दोन्ही बरोबर. तुमचं पुस्तक स्पेनचं असेल तर आजच्या गोष्टींना 'ए तोमादो' लिहा, कालच्याला मात्र दोन्हीकडे 'तोमे'च.